बाभळीमागचा काळा करकोचा

रविवार, १८ नोव्हेंबर
सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटे
सदाशिव पेठ, पुणे

प्रिय सुमतीताई,

‘प्रिय’ लिहावं की नाही, यावर पाच मिनिटं घालवली. शेवटी लिहिलं. पण राग गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आज प्रेस बंद आहे. मालकांकडून किल्ली मागून घेतली आणि कवडीहून थेट इथे आलो. बुटांना नदीचा चिखल लागलाय, म्हणून ते दाराबाहेर काढून ठेवलेत. समोर कॉम्प्युटरवर आपली पक्ष्यांची यादी उघडी आहे. एकोणीस हिवाळ्यांची, सगळी एकत्र, पुस्तकासाठी. पान सतरा. ‘काळा शराटी’च्या आधी मी ‘काळा करकोचा’ अशी ओळ टाइप केली. पुसली. पुन्हा केली, पुन्हा पुसली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी खुर्ची बाजूला सरकवली आणि प्रुफांचे पाठकोरे कागद घेऊन तुम्हाला लिहायला बसलो. तुम्हाला जाऊन पावणेदोन महिने झाले. आता पत्र कुठे टाकायचं ते मला माहीत नाही. पण लिहिल्याशिवाय ती ओळ ठेवताही येत नाही आणि पुसताही येत नाही.

राग कशाचा, ते क्रमाने लिहितो. तुम्हाला क्रम लागायचा.

सहा वर्षांपूर्वी तुम्ही या प्रेसच्या दारात उभ्या राहिलात. हातात अकरा पानं, टाइप करायला. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, दहावीला गणितात दोनदा नापास, मालकांनी नुकताच कॉम्प्युटरवर बसवलेला. संध्याकाळी तुम्ही पानं न्यायला आलात, तेव्हा मी भीत भीत म्हटलं की पान तीनवर थापट्या बदकं बावीस आहेत आणि पान नऊवर त्याच दिवशी, त्याच ठिकाणी सव्वीस आहेत, तर कोणती घ्यायची? तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलंत.

‘वाचतोस तर. बघतोस का?’

‘काय?’

‘पक्षी. रविवारी सकाळी आणखी काय बघायचं असतं?’

त्या रविवारपासून मी यायला लागलो. दिवाळी झाली की उत्तरेकडून पाहुणे उतरायचे आणि आपण दर रविवारी कवडीच्या बंधाऱ्यावर. पाच चाळीसला कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानासमोर जमायचं. पाच एकेचाळीसला तुम्ही निघालेल्या असायचात. एकदा सख्ख्या भाच्याला मागे टाकून निघालात. तो रस्त्याच्या पलीकडून हात करत होता आणि तुम्ही म्हणालात, ‘हात दिसतोय, माणूस अजून पोचलेला नाही.’ कुणी ‘वा, किती सुंदर’ म्हटलं की तुमचं ठरलेलं, ‘सुंदर राहू दे. चोच सांग.’

आणि मला ते आवडायचं, ताई. तुमच्या त्या गटात इंजिनिअर होते, बँकेतले होते, कॉलेजात शिकवणारे होते. कोण कितवी शिकलंय हे तुम्ही कधी विचारलं नाहीत. चोच, पाय, शेपटी, उडायची तऱ्हा, एवढंच विचारायचात. कितवी झालीय हे न विचारता माझं म्हणणं ऐकून घेतलं जाईल, अशी माझ्या माहितीत ती एकच जागा होती. म्हणून तर पुढचं इतकं लागलं.

पुस्तकाच्या सुरुवातीला आपल्या हजेरीचा नियम छापायचा आहे. काल मी तो लिहून काढला. बघा, बरोबर आहे का: ‘सकाळी साडेनऊला सर्वांनी बंधाऱ्याच्या भिंतीवर बसायचे. वही लिहिणाऱ्याने एकेका पक्ष्याचे नाव वाचायचे. ज्यांनी तो पक्षी पाहिला असेल, त्यांनी हात वर करायचा. दोन किंवा अधिक हात आल्यास नोंद पक्की. एकच हात आल्यास नाव एका रेघेने खोडायचे.’ नियम तुमचा. वही लिहिणारा मी, माझं अक्षर लागतं म्हणून.

आता तो दिवस. दोन वर्षांपूर्वीचा १३ नोव्हेंबर, दिवाळीनंतरचा दुसरा रविवार. धुकं होतं. तुम्ही सगळे बंधाऱ्यावर चक्रवाक मोजत होतात. मी नदीच्या कडेकडेने खाली गेलो. का गेलो, ते त्या दिवशी सांगता आलं नाही, आज सांगतो. लघवीला गेलो होतो. टोलनाक्यावर दोन कप चहा झाला होता. माझी आणि गटातल्या यास्मिनची मिळून एक दुर्बीण, तिच्या वडिलांच्या कसबा पेठेतल्या चष्म्याच्या दुकानातली. असल्या कामाला जाताना दुर्बीण कोण घेऊन जातं? मी ती तिच्या हातात देऊन गेलो.

बाभळीमागे उभा राहिलो आणि समोरच्या डोहात, तीस पावलांवर, तो उभा. मान काळी, पार छातीपर्यंत काळी. पोट पांढरं. चोच लाल, पाय लाल. मला हलता येत नव्हतं, कारणं दोन होती. तो माझ्याकडे बघत होता. मी आधी चोच पाहिली, ताई. तुम्ही शिकवलं होतं तसंच, आधी चोच. मग तो उडाला, आणि काखेत पांढरा त्रिकोण दिसला. पांढऱ्या मानेच्या करकोच्याला तो नसतो. तो करकोचा मी तोवर पन्नास वेळा तरी पाहिला होता.

पळत वर आलो तोवर हजेरी सुरू व्हायला आली होती. वहीत नाव लिहिलं, वाचलं, ‘काळा करकोचा’, आणि मीच हात वर केला. एकच हात.

‘दुर्बीण?’ तुम्ही विचारलंत.

‘नव्हती.’

‘का नव्हती?’

यास्मिन समोर बसली होती. आणखी तीन बायका होत्या. मी काय सांगणार?

‘बाभळीमागे काय करत होतास?’

तेव्हा सगळे हसले. देशपांडेकाका सर्वांत जोरात. तुम्हाला माहीत होतं मी काय करत होतो. ज्या बाईला बदक कोणत्या पायावर उभं आहे हे पलीकडच्या काठावरून कळायचं, तिला हे कळलं नसेल?

‘धुकं, उजेड समोरून, दुर्बीण नाही, सोबत कोणी नाही,’ तुम्ही एकेक बोट दुमडत म्हणालात. ‘असल्या उजेडात पांढरी मानही काळीच दिसते. पांढऱ्या मानेचा होता. तसं लिही. पुढे.’

तसं लिही!

‘खोड’ म्हणून सांगितलं असतंत, तर मी मान खाली घालून खोडलं असतं. नियम तो नियम. पण तुम्ही खोडायला नाही, बदलायला लावलंत. जो पक्षी तिथे नव्हताच तो मी माझ्या हाताने, माझ्या चांगल्या अक्षरात लिहिला: ‘पांढऱ्या मानेचा करकोचा, १.’ मे महिन्यात वर्षाची यादी टाइप करताना तो पुन्हा लिहिला. एकच खोटं दोनदा. प्रुफात एखादा अनुस्वार गळला तर मी घरी जाऊन जेवत नाही, हे तुम्हाला माहीत होतं.

त्यानंतर मी त्या हिवाळ्यात आलो नाही. सांगून गेलो नाही, नुसता आलो नाही. दर रविवारी पावणेपाचला जाग यायची आणि मी पडून राहायचो. पडल्या पडल्या ती मान आठवून बघायचो. पहिल्या महिन्यात ती काळी होती. डिसेंबरात मला प्रश्न पडायला लागला. जानेवारीपर्यंत मला तिथे पांढरं दिसायला लागलं. डोळे मिटून बघत होतो, आणि मान पांढरी होत चालली होती. हे काय असतं, तुम्हाला कळतं का? चूक झाली तर माणूस कबूल करून मोकळा होतो. मला माझेच डोळे खोटे वाटायला लागले. प्रेसमध्ये एकेक प्रूफ तीन-तीनदा वाचायला लागलो. मालकांनी विचारलं, ‘डोळे तपासून घे, नंबर आलाय का?’

पुढच्या ऑक्टोबरात तुमचं पोस्टकार्ड आलं. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसलेल्या बाईचं कार्ड, त्यात मायना नाही, काही नाही. ‘रविवारपासून सुरू. ५.४०. वही लिहायला कोणी नाही. यांची अक्षरं मला लागत नाहीत.’ मी आलो. दुसरं काय करणार होतो? ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. आज ते काढून बघितलं. खालचा निम्मा भाग कोरा आहे, ताई. तुमच्या अक्षराच्या पाच ओळी बसल्या असत्या. एकच पुरली असती.

कारण तोवर तुम्हाला सगळं माहीत होतं.

दिवाळीनंतर तुमच्या भाच्याने, श्रीरंगने, तुमच्या वह्यांची पिशवी आणून दिली. ‘मावशीचं पक्ष्यांचं सगळं यात आहे, आम्हाला त्यातलं काही कळत नाही,’ म्हणाला. गटाच्या एकोणीस वह्या माझ्या ओळखीच्याच. शेवटच्या सहा तर माझ्या अक्षरातल्या, त्यातली एक सुरुवातीच्या दोन रविवारांपुरती. पण पिशवीच्या तळाशी निळ्या कापडी बांधणीच्या सात छोट्या डायऱ्या निघाल्या. दुसऱ्याची डायरी वाचू नये, हे मला कळतं. पण पानांवर ‘बुधवार, कवडी’, ‘बुधवार, पाषाण’ असं लिहिलेलं. आपण तर रविवारी जायचो. हा बुधवार कुठला? म्हणून वाचलं. गुरुवारी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत. दोन वर्षांपूर्वीचं पान, १६ नोव्हेंबर. म्हणजे त्या रविवारनंतर तीनच दिवसांनी. तुमचेच शब्द तुम्हाला पुन्हा लिहून दाखवतो:

‘बुधवार. कवडी. एकटी. ७.०५ ते ९.४०. बाभळीखालचा डोह. काळा करकोचा १. मान पूर्ण काळी. चोच लाल. काखेत पांढरे. दुर्बिणीतून आठ मिनिटे. नितीनचे बरोबर. दुसरे कोणी नाही. नोंद नाही.’

नितीनचे बरोबर!

डबा तसाच बंद करून ठेवला. ‘नितीनचे बरोबर’ हे दोन शब्द कुठे लिहायचे असतात? डायरीत? ते नितीनला सांगायचे असतात.

नियम तुम्ही स्वतःलाही लावलात, हे मला दिसतं. एकट्या होतात, म्हणून आठ मिनिटं दुर्बिणीतून बघितलेला पक्षी तुम्ही यादीत घातला नाहीत. दुसरा कुणी असता तर त्याने छाती फुगवून घातला असता. बरं, नका घालू. पण मी नोंद मागत होतो का? यादीत नाही तर नाही. मला येऊन एवढंच सांगायचं होतं, ‘तुझं बरोबर होतं रे.’ तुमचं घर आणि हा प्रेस यांत चार मिनिटांचं अंतर आहे. मी घड्याळ लावून चाललोय.

आणि गेल्या हिवाळ्यातली ती सकाळ. हे लिहायचं नव्हतं, पण याच्याशिवाय बाकीचं सगळं अर्धवट राहील. आपण दोघं डोहापाशी पुढे गेलो होतो, बाकीचे मागे तुतवार बघत थांबले होते. तुम्ही बाभळीकडे बघत म्हणालात, ‘इथेच ना रे तुझा तो?’ मला वाटलं, पुन्हा थट्टा. पुन्हा सगळ्यांना बोलावून हसवतील. म्हणून मीच घाईघाईने म्हटलं, ‘नाही ताई, तो पांढऱ्या मानेचाच असणार. माझीच चूक होती.’

तुम्ही काय केलंत? ‘हूं’ म्हणालात आणि दुर्बीण डोळ्यांना लावलीत.

मी माझ्या तोंडाने, जे माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते नाकारत होतो, आणि खरं काय ते माहीत असलेलं जगातलं एकमेव माणूस माझ्या शेजारी उभं राहून ‘हूं’ म्हणत होतं. गुरुवारपासून मी त्या ‘हूं’चा अर्थ लावतोय. कधी वाटतं, तुम्ही त्या वेळी सांगायलाच लागला होतात आणि मीच दार लावून घेतलं. असेल. पण तुम्ही कुणाचं अर्धं वाक्य ऐकून गप्प बसणाऱ्या होतात का? भर बसमध्ये कंडक्टरच्या सुट्ट्या पैशांवरून भांडणारी बाई तिथेच कशी मुकी झाली?

आज तुमच्याशिवायचा पहिला रविवार. आम्ही अकरा जण होतो. चक्रवाक आलेत, चौदा. ‘मोजलेस की अंदाज?’ विचारलं असतंत. मोजले. पिवळे धोबी सगळ्या काठावर नाचत होते. बंधाऱ्याखाली फेस होता, वास होता, नेहमीचंच. हजेरी देशपांडेकाकांनी घेतली. त्यांच्याकडे तिपाईवरची मोठी दुर्बीण आहे, म्हणून आता तेच मोठे.

हजेरीच्या आधी गव्हाणे भेटले. आपण ज्यांच्या शेताच्या कडेला गाड्या लावतो, ते. तुमची बातमी त्यांना कुणीच दिली नव्हती. ‘बाई गेल्या व्हय?’ म्हणाले आणि उसाकडे वळले. मग म्हणाले, दोन वर्सांमागं दिवाळीच्या पाठोपाठ बाई एकल्याच येत होत्या. सोमवारी आल्या, मंगळवारी आल्या, बुधवारी आल्या. टोलनाक्यावर बस सोडून गुडघा धरत चालत.

‘म्या म्हनलं, बाई, काय हरवलंय का? तर म्हनल्या, एकाचं मी खोडलंय, ते खरंच हाय का बघती.’

तीन दिवस, ताई! स्वारगेट, हडपसर, टोलनाका, पुढे दीड किलोमीटर पायी, त्या गुडघ्याने. बुधवारच्या पानावर फक्त बुधवारच आहे, सोमवार-मंगळवार नाहीत, कारण त्या दिवशी दिसला नाही. एवढं करता येतं आणि चार मिनिटं चालता येत नाही? गव्हाण्यांसमोर माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. निदान मी त्यांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, ‘आसू दे, धुकं हाय.’

हजेरीला मी डायरीचं ते पान देशपांडेकाकांच्या हातात दिलं. त्यांनी दोनदा वाचलं, मोठ्याने वाचलं आणि मोठ्या आनंदाने म्हणाले, ‘मग घाल की रे! ताईंनी पाहिलाय म्हटल्यावर प्रश्नच मिटला.’

यास्मिन म्हणाली, ‘काका, पाहिला नितीनने. ताईंनी नंतर तपासला.’

‘तेच ते.’

‘तेच ते नाही. तुम्ही त्या दिवशी त्याला हसला होतात, ताईंना नाही.’

काका लगेच माझ्याकडे वळून म्हणाले की आता तरी घालून टाक ती ओळ, पुस्तक अडलंय. आणि मी म्हटलं, नाही घालायची. काकांना कळेना. दोन वर्षं तोंड पाडून हिंडलास, आता साक्षीदार मिळाला, तर नको?

‘दोघांनी एकत्र पाहिलेला नाही, काका. नियमात बसत नाही,’ मी म्हटलं. ‘आणि माझ्या हाताला ताईंच्या हाताचा टेकू नको.’

हे मी ठरवून बोललो नव्हतो. पण बोललो तेव्हा कळलं की चार दिवस हेच डोक्यात होतं. ज्या दिवशी माझा एकट्याचा हात वर होता, त्या दिवशीही तो पक्षी काळाच होता. डायरी सापडली नसती तरी काळाच होता.

मग मी त्यांना सांगितलं ते तुम्हालाही सांगतो, कारण तुम्हाला पटणार नाही. शुक्रवार-शनिवारी मी एकोणीस वह्या चाळल्या. तुम्ही एका रेघेने खोडायला लावायचात, त्यामुळे खोडलेलं सगळं वाचता येतं. एकेकट्या हातांची त्रेसष्ट नावं निघाली. काही माणसं पुणं सोडून गेली, दोघं वारली. एक बाई एकाच रविवारी आली होती, तिने एकटीने शिक्रा पाहिला असणार आणि आपण ‘ससाणा की शिक्रा’ असा वाद घालत तो खोडून टाकला. ती पुन्हा आलीच नाही. ती का आली नाही, ते मला माहीत आहे. आणि तुमच्या सात डायऱ्यांत तुमचे एकटीचे एकेचाळीस. त्यांतले नऊ पक्षी आपल्या यादीत आजही नाहीत. पक्षी पाहणाऱ्या बाईने नऊ पक्षी कुणालाही न सांगता न्यायचे, याला काय म्हणावं?

पुस्तकाच्या शेवटी एक भाग येणार आहे. नाव साधंच ठेवलंय: ‘एकट्याने पाहिलेले’. पक्षी, ठिकाण, तारीख, आणि पाहणाऱ्याचं नाव. यादीत मिसळायचे नाहीत, मोजणीत धरायचे नाहीत. पण खोडायचेही नाहीत.

काका म्हणाले, मग उद्या कुणीही उठेल आणि बंधाऱ्यावर सारस पाहिला म्हणेल, तोही छापणार का? मी म्हटलं, छापणार, आणि पुढे त्याचं नाव छापणार. नाव छापायचं म्हटलं की माणूस जपून बोलतो. खर्च कोण देणार, काकांनी विचारलं. मी म्हटलं, मी. ‘मग आमच्या बापाचं काय जातंय,’ काका म्हणाले आणि दुर्बिणीची तिपाई मिटायला लागले. त्यांच्या भाषेत तो होकारच.

तुमचा नियम मी मोडलेला नाही. पहिल्या पानावर तो जसाच्या तसा छापणार आहे. पण एक गोष्ट तुम्हाला न विचारता केली. १३ नोव्हेंबरच्या पानावरचा ‘पांढऱ्या मानेचा करकोचा, १’ एका रेघेने खोडला, शेजारी आजची तारीख घातली आणि सही केली. मागच्या भागात काळा करकोचा दोनदा येईल. रविवार, माझं नाव. खाली बुधवार, तुमचं नाव. तारखेच्या क्रमाने. तुमचं वर घ्यावं असं काकांचं मत होतं, मी ऐकलं नाही.

ताई, मी रागावलोय, आणि बहुतेक बराच काळ रागावलेलाच राहीन. वैकुंठ स्मशानभूमीत मी सगळ्यांच्या मागे उभा राहून रडलो होतो, तेव्हा हे काही माहीत नव्हतं. आज माहीत असूनही रडलो असतो का, याचा विचार करतोय. रडलो असतो. पण आधी भांडलो असतो, आणि तुम्ही हरला असतात, आणि ‘बरं, पुढे’ म्हणाला असतात. तेवढंही मला मिळालं नाही.

एक वचन देतो. आता वही माझ्याकडे आहे आणि हजेरीही लवकरच येईल, काकांना त्याचा कंटाळा आहे. एकच हात वर आला तर मी हसू देणार नाही, आणि ‘तू हे पाहिलंस’ म्हणून दुसरंच काही कुणाच्या हातून लिहवून घेणार नाही. माझ्या हातून कुणाचा पक्षी चुकीचा ठरला आणि मागाहून खरा निघाला, तर त्याच दिवशी, तो धायरीला राहत असो की धानोरीला, त्याच्या दारात जाऊन तोंडाने सांगेन. कार्ड टाकणार नाही. डायरीत लिहून ठेवणार नाही.

आता पान सतरा नीट करतो. तिथे ती ओळ येणार नाही.

तुमचा वहीवाला,
नितीन

ता. क. हिशेब लिहून ठेवतो, म्हणजे मागाहून कुणी काही म्हणायला नको.
जादा आठ पानांचा कागद आणि छपाई: ९६० रुपये. किल्ली घेताना मालकांना दिले: ४०० रुपये. मालकांचे देणे: ५६० रुपये, दोन पगारांत.
तुमच्याकडून येणे: गेल्या वर्षीच्या यादीची टाइपिंग, चौदा पानं, पानाला पंधरा, एकूण २१० रुपये. श्रीरंग देत होता, मी घेतले नाहीत. ते तुमच्याकडून येणे आहेत. मी सोडलेले नाहीत.